दोन ठिकाणी नांदणारे घर

मालवण तालुक्यातील तोंडवली नकाशावर एका अरुंद पट्टीसारखे दिसते. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कालावल खाडी, आणि दक्षिणेकडे जमीन निमुळती होत तळाशीलच्या वाळूत संपते. पलीकडच्या काठावर सर्जेकोट. माडांच्या बागा, थोडी भातशेती, रापणीची मासेमारी आणि अलीकडे आलेले पर्यटक, एवढ्यावर हे गाव जगते असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. राज्य शासनाने ‘सी वर्ल्ड’ हा मोठा पर्यटन प्रकल्प तोंडवली आणि शेजारच्या वायंगणी गावाच्या जमिनीवर उभारायचे ठरवले, तेव्हा याच समजुतीवर सगळा वाद उभा राहिला. सुरुवातीला मागणी होती हजार एकरांहून अधिक जमिनीची. ग्रामस्थांचा विरोध तीव्र झाल्यावर क्षेत्र कमी करण्याची भाषा आली. प्रकल्प मात्र उभा राहिला नाही. समर्थकांचा मुद्दा असा की गावात रोजगार नाही, तरुण बाहेर जातात, म्हणून प्रकल्प हवा. विरोधकांचा मुद्दा असा की बागा, शेती आणि मासेमारी हाच आमचा रोजगार आहे, तो जाईल. दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे होते. पण हे गाव नेमके कशावर जगते, कोणाच्या श्रमावर आणि कुठून येणाऱ्या पैशावर, याचा दोन्ही बाजूंना मान्य होईल असा हिशेब समोर नव्हता. असा हिशेब मांडणे हे सामाजिक-आर्थिक संशोधनाचे पहिले काम. कोकणच्या बाबतीत ते वारंवार अडते, आणि माझ्या मते त्याचे कारण आकड्यांच्या टंचाईत नाही. मोजणीसाठी आपण जे एकक धरतो, ते ‘कुटुंब’, इथेच चुकलेले आहे.

भारतात जनगणना असो वा राष्ट्रीय नमुना पाहणी, कुटुंबाची कसोटी एकच असते: चूल. जी माणसे सर्वसाधारणपणे एकत्र राहतात आणि एका चुलीवरचे जेवतात ते एक कुटुंब. नेहमीच्या राहण्याचा निकष लावताना सहा महिन्यांची मर्यादा धरतात. त्याहून अधिक काळ बाहेर राहणारा माणूस गावच्या घराचा सदस्य उरत नाही, तो मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या खोलीचा होतो. देशाच्या बहुतेक भागांत ही कसोटी चालून जाते. कोकणात ती घराचे दोन तुकडे करते. मुलगा कांदिवलीत नोकरीला, सून आणि नातवंडे त्याच्याजवळ, म्हातारी आई आणि एक भाऊ गावी. आईच्या औषधांचा, घराच्या कौलांचा, कुंपणाच्या चिऱ्यांचा, गणपतीचा खर्च मुंबईहून येतो. गावचे तांदूळ, नारळ, कोकम, सुके बांगडे मुंबईला जातात. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे सामाईक. हे एकच घर आहे, एकाच हिशेबाने चालणारे. मोजणीत मात्र ते दोन असंबद्ध कुटुंबे म्हणून उतरते, एक मुंबई उपनगर जिल्ह्यात आणि दुसरे सिंधुदुर्गात, आणि त्यांना जोडणारी रेघ कुठल्याच तक्त्यात येत नाही.

या पुसलेल्या रेघेच्या खुणा आकड्यांत दिसतात, फक्त त्या वाचायला हव्यात. 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे 1036 स्त्रिया होत्या. शेजारच्या रत्नागिरीत 1122. हजाराच्या वर जाणारे राज्यातले हे दोनच जिल्हे. हा आकडा अनेकदा कोकणातल्या स्त्रीच्या चांगल्या स्थितीचा पुरावा म्हणून सांगितला जातो. पण त्याच जनगणनेत सिंधुदुर्गातील सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमधले प्रमाण 922 आहे, आणि 2001 मध्ये ते 944 होते. म्हणजे मुलींचा जन्म आणि जगणे या बाबतीत जिल्हा मागे सरकला, आणि एकूण प्रमाण तरीही स्त्रियांच्या बाजूने झुकलेले राहिले, कारण कमावते पुरुष जिल्ह्यात नव्हते. आणखी पुढे पाहा. 2001 मध्ये एकूण प्रमाण 1079 होते, ते दहा वर्षांत 1036 वर आले, आणि याच काळात जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 वरून 8,49,651 वर घसरली. पुरुष परतू लागले असते तर प्रमाण घटताना लोकसंख्या वाढली असती. ती घटली, याचा सर्वांत सरळ अर्थ असा की पूर्वी एकटा पुरुष जात असे, आता बायका-मुलांसह बिऱ्हाड जाते. या दोन स्थलांतरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात पैसा गावी येणे अपरिहार्य असते, दुसऱ्यात ते नात्याच्या ओलाव्यावर अवलंबून राहते. विकासाच्या दृष्टीने गेल्या अर्धशतकात कोकणात याहून मोठा बदल क्वचितच झाला असेल. तरी तो थेट मोजणारा एकही नियमित तक्ता नाही; तो असा आडवळणाने अनुमानावा लागतो. 2021 ची जनगणना लांबल्यामुळे हे अनुमानही जुन्या आकड्यांवरच थांबले आहे.

उत्पन्नाचा हिशेब याहून अडचणीचा. राज्याचे आणि जिल्ह्याचे उत्पन्न काढताना ते जिथे निर्माण झाले तिथे धरतात, ज्याच्या हाती शेवटी पडले त्याच्या गावी नाही. लालबागच्या गिरणीत मालवणी कामगाराने गाळलेल्या घामाचे मोल मुंबईच्या खात्यावर जमा झाले. त्यातून गावी आलेली मनीऑर्डर रत्नागिरीच्या खात्यावर कुठेच दिसली नाही. (सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी वेगळा झाला, त्याआधीचा सारा इतिहास रत्नागिरीच्या नावावर आहे.) एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्यांना आणि गोद्यांना माणसे पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी आघाडीवर होता. गाववाल्यांच्या सामाईक खोल्या, खानावळी, ग्रामस्थ मंडळे ही त्या व्यवस्थेची अंगे होती, आणि गावची शाळा, देवळाचा जीर्णोद्धार, पाणंदीची दुरुस्ती ही तिची फळे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगारांची मजुरी थांबली. त्याचा धक्का परळ-लालबागइतकाच मालवण-कणकवलीलाही बसला. पण जिल्ह्याच्या उत्पन्नाच्या आकड्यांत हा धक्का शोधू गेलो तर तो सापडणार नाही, कारण जे कधी जमेच्या बाजूला लिहिलेच नव्हते ते वजा तरी कसे होणार? 2015 मध्ये टपाल खात्याने पारंपरिक मनीऑर्डर थांबवली. पैसा आता फोनवरून क्षणात पोचतो, आणि टपाल कचेरीच्या वहीत उरणारी त्याची एक ओळखू येणारी खूणही गेली.

महाराष्ट्रात अशा संशोधनाची परंपरा क्षीण असती तर ही उणीव समजण्यासारखी होती. वस्तुस्थिती उलट आहे. खेड्याचा घरोघर जाऊन हिशेब मांडण्याची पद्धत या देशात रुजली त्यात पुण्याच्या परिसराचा वाटा मोठा. डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास 1917 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी कुटुंबांचे तीन गट पाडले: जमिनीवरच नीट भागते अशी, जमीन आणि बाहेरची कमाई मिळून भागते अशी, आणि दोन्ही मिळूनही भागत नाही अशी. बाहेरची कमाई त्यांना विचारात घेता आली, कारण ती कमावणारा माणूस खडकीच्या कारखान्यातून संध्याकाळी घरी येत होता. मालवणचा माणूस वर्षाने येतो, एवढाच फरक. पण त्या फरकाने तो हिशेबाबाहेर पडला. पुढच्याच वर्षी, 1918 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांवरचा निबंध लिहिला आणि मान आणि त्यांच्यासारखेच शेतीचे अभ्यासक कीटिंग यांच्या व्याख्येवरच बोट ठेवले. कुटुंबाचे पोट भरेल एवढी जमीन म्हणजे किफायतशीर धारणक्षेत्र, ही व्याख्या त्यांनी नाकारली. जमिनीचा तुकडा किफायतशीर आहे की नाही हे त्याच्या आकारावरून ठरत नाही. त्यावर किती श्रम, किती भांडवल कोणत्या प्रमाणात लागले आहे यावरून ठरते. आणि खरी अडचण शेतीवर साचलेल्या जादा मनुष्यबळाची आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या आंबडव्याचे असलेल्या आणि पुढे 1937 मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले होते की एकक चुकीचे धरले की त्यावर रचलेला उपायही चुकतो. 1930 मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली वाई तालुक्यातील शेतीच्या आणि पुणे शहराच्या पाहण्या झाल्या. 1971 मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला त्याने देशाच्या चर्चेची दिशा बदलली. साधने होती आणि तयारीची माणसेही होती. दोन ठिकाणी नांदणारे घर मात्र त्यांच्या एककात बसत नव्हते.

याची किंमत कशी मोजावी लागते हे प्रादेशिक अनुशेषाच्या इतिहासात दिसते. राज्यातील असमतोल शोधण्यासाठी 1983 मध्ये दांडेकरांच्याच अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि 1984 च्या अहवालात तिने 3,186.78 कोटी रुपयांचा अनुशेष काढला. पद्धत प्रामाणिक आणि पारदर्शक होती: प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे ते क्षेत्रवार पाहायचे. क्षेत्रे नऊ घेतली: रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास, पशुवैद्यक सेवा. सिंचनाचा वाटा सर्वांत मोठा निघाला. विदर्भ-मराठवाड्याच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण जिथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जांभ्याच्या उतारावरून तो समुद्रात जातो, तिथे विकासाची मुख्य मोजपट्टी सिंचन असणे, आणि जनावरांच्या दवाखान्यांची गणना होताना बंदरे, मासळी उतरवण्याचे धक्के, बर्फाचे कारखाने यादीतच नसणे, याचा परिणाम पैशाच्या वाटपात उतरणारच होता. पुढे 1994 मध्ये राज्यघटनेच्या कलम 371(2) खाली विकास मंडळे झाली तेव्हा कोकणला स्वतंत्र मंडळ मिळाले नाही. ते ‘उर्वरित महाराष्ट्रा’त, ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यांच्या बरोबरीने बसवले गेले. समितीने कोकणवर अन्याय करायचे ठरवले असे मला मुळीच म्हणायचे नाही. जे एकक आणि ज्या याद्या हाताशी होत्या त्यांतून हेच उत्तर निघणार होते.

कमाई एकीकडे आणि चूल दुसरीकडे असलेल्या समाजाचा अभ्यास कसा करावा, हा प्रश्न जगात इतरत्र अधिक कठोर परिस्थितीत सोडवावा लागला आहे. पॅलेस्टिनी समाज हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. वेस्ट बँक आणि गाझा इस्रायलच्या ताब्यात गेल्यावर 1967 मध्ये इस्रायलने तिथली शिरगणती केली. त्यानंतर तीस वर्षे त्या लोकांची पुरती जनगणना झाली नाही. 1992 मध्ये फाफो या नॉर्वेच्या संशोधन संस्थेने राहणीमानाची विस्तृत पाहणी केली, 1993 मध्ये पॅलेस्टिनी सांख्यिकी कार्यालय सुरू झाले, 1994 मध्ये ‘मास’ ही आर्थिक धोरण संशोधन संस्था, आणि 1997 मध्ये त्यांची स्वतःची पहिली जनगणना. या संशोधकांना पहिल्यापासून एक गोष्ट डोळ्यांआड करता आली नाही: मोठ्या संख्येने माणसे रोज किंवा आठवड्याने सीमा ओलांडून इस्रायलमध्ये कामाला जात होती. त्यामुळे देशांतर्गत उत्पन्न आणि बाहेरची मजुरी धरून येणारे राष्ट्रीय उत्पन्न हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवावे लागले, आणि त्यांतले अंतर हाच त्या अर्थव्यवस्थेच्या परावलंबनाचा मापक ठरला. ऑक्टोबर 2023 नंतर दीड लाखाहून अधिक कामगारांची ती वाट एका झटक्यात बंद झाली, तेव्हा या अंतराचा अर्थ आकडेशास्त्र न शिकलेल्यालाही समजला. सारा रॉय यांनी गाझाच्या अर्थव्यवस्थेवर केलेल्या कामातून ‘विकासाची उलटी प्रक्रिया’ ही कल्पना पुढे आली: काही माणसांच्या हाती मजुरी खेळत असतानाही समाजाची स्वतःची उत्पादनक्षमता पद्धतशीरपणे मोडली जाऊ शकते.

ही तुलना ताणलेली आहे असा आक्षेप येईल, आणि एका मर्यादेपर्यंत तो मान्य करायलाच हवा. तोंडवलीहून मुंबईला जाणाऱ्या गाडीला वाटेत लष्करी तपासनाके लागत नाहीत; कोकणी माणूस आपल्याच देशात, आपल्याच राज्याच्या राजधानीत जातो, मत देतो, परत येतो. गाझातल्या माणसाचे दुःख कोकणच्या दुःखाशी जोडून हलके करणे हा त्याच्यावर अन्याय होईल. इथून घ्यायची ती फक्त पद्धत. बाहेर मिळवलेले उत्पन्न वेगळ्या ओळीत लिहायचे, आणि राहणीमान सुधारत असताना स्थानिक उत्पादनक्षमता वाढते आहे की झिजते आहे हे स्वतंत्रपणे विचारायचे. सिंधुदुर्गासाठी हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. जिल्हा साक्षर आहे, 2016 मध्ये ग्रामीण स्वच्छतेत तो देशात सपाट प्रदेशातल्या जिल्ह्यांत पहिला आला, घरे पक्की आहेत. हे सगळे असताना शेते पडीक पडत असतील, बागांना माणूस मिळत नसेल आणि बंद घरांची संख्या वाढत असेल, तर मानवी विकासाचा निर्देशांक अर्धेच चित्र दाखवतो.

अधिक तोलाचा आक्षेप अर्थशास्त्राच्या आतून येतो. दांडेकर-रथ यांच्यापासून आपण दारिद्र्य उत्पन्नावरून मोजतच नाही, खर्चावरून मोजतो. मुंबईहून आलेला पैसा घरखर्चात उतरतो, म्हणजे तो मोजला गेलाच. मग तक्रार कशाची? शिवाय 2007-08 च्या 64 व्या फेरीत नमुना पाहणीने बाहेर गेलेली माणसे आणि त्यांनी पाठवलेले पैसे यांविषयी थेट विचारले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांची कदर व्हायला हवी. पण खर्च आज काय खाल्ले ते सांगतो. ते उद्या कशाच्या भरवशावर खायचे ते सांगत नाही. दोन घरे महिन्याला सारखाच खर्च करतात. एकाचा आधार स्वतःची होडी आणि माड, दुसऱ्याचा आधार एका मुलाची कंत्राटी नोकरी. दारिद्र्यरेषेच्या हिशेबात ही दोन घरे एकाच पायरीवर, आणि धक्का बसला की एक उभे राहते, दुसरे कोसळते. राष्ट्रीय पाहणीचा नमुना राज्यासाठी पुरेसा असतो, जिल्ह्यासाठी अपुरा, आणि गावाविषयी तर त्याला काहीच म्हणायचे नसते. निर्णय मात्र गावाच्या जमिनीबद्दल घ्यायचे असतात.

घराचे एकक दुरुस्त केले तरी एक मोठी वस्तू बाहेर राहते: सामाईक संपत्ती, आणि तिच्याभोवतीचे स्त्रियांचे काम. रापण ही घराची कमाई नव्हे. किनाऱ्यावरून होडीने जाळे अर्धवर्तुळात टाकायचे, दोन्ही टोकांचे दोर कित्येक घरांच्या माणसांनी ओढायचे, आणि मिळालेल्या मासळीचे ठरलेल्या रीतीने वाटे घालायचे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. गाबीत समाजाच्या या व्यवस्थेत म्हाताऱ्या, दुबळ्या माणसालाही हात लावल्याबद्दल काहीतरी मिळते. मासेमारीचे आकडे टनांत गोळा होतात. पर्ससीन म्हणजे घेर टाकणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या नौकांनी खोल पाण्यात बांगडा-तारलीचा थवाच्या थवा घेरला तर जिल्ह्याचे टन वाढतील किंवा तेवढेच राहतील, आणि वाट्यांची संख्या मात्र कोसळेल. हा भेद राज्य शासनाला डॉ. सोमवंशी समितीच्या अभ्यासानंतर मान्य करावा लागला, आणि 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पर्ससीनवर मर्यादा आल्या. खाडीचेही तसेच. ओहोटीला तिसऱ्या, कालवे काढणाऱ्या, मासळी खारवणाऱ्या, चुडतांचे झाप विणणाऱ्या बाईचे काम नमुना पाहणीला ठाऊक आहे. घरकाम करता करता घरासाठी वस्तू गोळा करणाऱ्यांचा वेगळा गट ती नोंदवते, आणि मग त्या गटाला श्रमशक्तीच्या बाहेर ठेवते. पाटी घेऊन बाजारात बसणारी तेवढी कामकरी ठरते. एखाद्या प्रकल्पाने खाडीची वाट बंद केली तर या कागदांप्रमाणे कोणाचाच रोजगार जात नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याने जमीन नसलेल्या, पण पाण्यावर पोट असलेल्या मच्छीमारांना बाधित कुटुंबांत धरले आणि सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आवश्यक केले, हे मोठे पाऊल. पण त्या मूल्यमापनाला पुरावा लागेल, आणि कायद्याची नोटीस निघाल्यावर काही महिन्यांत गोळा केलेला पुरावा नेहमीच संशयाचा विषय राहील.

एक आक्षेप गावातूनच येतो, आणि मला तो सर्वांत खरा वाटतो. मुंबईकरांना गावच्या कुटुंबात मोजले तर गावाविषयी बोलायचा अधिकार त्यांच्याकडे जाईल. जे दोन आठवडे गणपतीला येतात त्यांना गाव आहे तसे शांत, हिरवे राहायला हवे असते, आणि जे बारा महिने राहतात त्यांना रस्ता, दवाखाना आणि पगार हवा असतो. हा ताण खरा आहे. याचे उलट रूपही आहे: सातबाऱ्यावरच्या दूरच्या सहहिस्सेदाराला जमीन विकून मोकळे व्हायचे असते आणि ती कसणाऱ्याला नसते. पण असे परस्परविरोधी हितसंबंध आहेत, म्हणूनच घर दोन्ही ठिकाणी धरून मोजायला हवे. आज हे हितसंबंध मोजले जात नाहीत, त्यामुळे जो मोठ्याने बोलतो तो स्वतःला गाव म्हणवतो. मोजणीत येणे आणि निर्णयात मत असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रामसभा राहणाऱ्यांची आहे आणि तशीच राहावी. संशोधनाने एवढेच करावे: पाठवणारा कोण, राबणारी कोण, मालकी कोणाची आणि जोखीम कोणावर, हे एका घराच्या चार वेगळ्या रकान्यांत लिहावे. बहुतेक घरांत राबणारीचे नाव मालकीच्या रकान्यात सापडणार नाही, आणि तोही निष्कर्षच असेल.

हे सगळे खर्चिक आहे म्हणून अशक्य आहे, असे म्हणता येत नाही. तोंडवलीसारख्या गावात घरांची संख्या एवढी मर्यादित आहे की नमुना काढायचीही गरज नाही. प्रत्येक घर घेता येते. पाहणी दोन ऋतूंत व्हावी: एकदा भाद्रपदात, चाकरमानी घरी असताना, म्हणजे पाठवणारा आणि वापरणारी यांना एकत्र विचारता येईल, आणि एकदा पौषात, रापणी सुरू असताना आणि गावात फक्त राहणारे असताना. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांच्या वर्गणीच्या वह्या, रापण संघांचे वाट्यांचे हिशेब, ग्रामपंचायतीची बंद घरांची घरपट्टी, सामाईक सातबारे, हा कच्चा माल आधीच लिहिलेला पडून आहे. त्याला जोडणारे हात हवेत, आणि मालवण-कणकवलीच्या महाविद्यालयांत अर्थशास्त्र व भूगोल शिकणाऱ्या मुलामुलींकडे ते आहेत. पहिल्या फेरीत उत्तरे लपवली जातील, विशेषतः पैशाची आणि जमिनीची. म्हणून पाहणी एकदाच करून भागणार नाही; दर पाच वर्षांनी त्याच घरांकडे, त्याच प्रश्नांसह, आणि आधीच्या फेरीचे निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवल्यानंतरच जायला हवे.